भाताच्या खाचरातला म्हातारा

मंडळी, चाळीस वर्षं कॅमेरा घेऊन भटकलो. आता नाशिकला घरी बसून जुने फोटो स्कॅन करतो, त्यांचे रंग सुधारून ऑनलाइन डिजिटल संग्रहात टाकतो.

आज दुपारी पेठ तालुक्यातून एक बाई आल्या. संग्रहातला, भाताच्या खाचरात उभ्या म्हाताऱ्याचा फोटो त्यांनी मोबाईलवर दाखवला.

"ह्यो माझा बा हाय. कवा काढला?"

निगेटिव्हच्या पाकिटावरची तारीख मी वाचून दाखवली.

त्या म्हणाल्या, "बा तर त्याच्या आदल्या पावसाळ्यातच वारला, साहेब. घरात त्याचा एकबी फोटो नाय."

मी त्या फोटोची प्रिंट त्यांच्या हातात ठेवली. फोटो काढला त्या दिवशी खाचरातून त्या म्हाताऱ्यानंच मला हाक मारली होती, "माझा फोटो काढा, पोरीला हवाय."

मी बोललो कुणाशी?