अण्णांच्या गोळ्यांचा डबा

सावेडीतील समस्त मधुमेही बंधू-भगिनींस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला रोज फक्त अर्धी गोळी आलेली आहे.

हे दुःख मला अण्णांनी दिलं. अण्णा म्हणजे आमचे शेजारी, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. आता मुलाकडे पुण्याला राहायला गेलेत. सकाळी फिरून झालं की आम्ही चार-पाच जण बागेच्या कट्ट्यावर टेकायचो आणि अण्णा पिशवीतून स्टीलचा मसाल्याचा डबा काढायचे. सात वाट्या. मोहरी-हळदीच्या जागी पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी गोळ्या. "ही शुगरची. ही बी शुगरची, पन दुसऱ्या डॉक्टरची. ही बीपीची. ही गुडघ्याची, लई झ्याक हाय." लेकीचे दागिने मांडावेत तसा थाट! मी माझी अर्धी गोळी मुठीत लपवायचो.

शेवटी मी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्या वाढवून मागितल्या. "तुम्हाला गरज नाही, चालत राहा," ते म्हणाले. इतका अपमान माझा लग्नाच्या बोलणीतही झाला नव्हता. वर आमची बायको, "अण्णा बघा, जिवाला किती जपतात!"

अण्णांचे डॉक्टर तीन, आणि तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. काहीतरी खोट काढावी म्हणून मी एकदा विचारलं, "तिघांना सांगितलंय ना सगळं?" अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. "येडे का काय तुमी? पोरगी बघाया आलेल्या पाव्हन्याला आदल्या पाव्हन्याचं नाव सांगतंय का कुनी? वाईट वाटतं मान्साला."

संकष्टीला त्यांचा कडक उपास. चंद्रोदयापर्यंत पोटात अन्नाचा कण नाही, डबा मात्र उघडायचाच. "उपास माझा हाय, गोळ्यांचा न्हाई." असं वाक्य मला का सुचत नाही, म्हणून मी दोन दिवस धुमसत होतो.

अशाच एका संकष्टीला कट्ट्यावर अण्णांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, जीभ अडखळायला लागली. सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले, कुणी वारा घालतंय, कुणी पाठ चोळतंय. खरं सांगतो, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की इथंही सगळं कौतुक यांनाच! मग त्यांचा हात हातात घेतला. गार पडला होता. चहाच्या टपरीवरून साखरेचं पाणी आणून घोट घोट पाजलं आणि डब्यासकट त्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं आणि अण्णांच्या घरून वैनींकडून सगळी पाकिटं मागवली. दोन पाकिटं शेजारीशेजारी धरून त्या म्हणाल्या, "नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, औषध एकच. साखर उतरवणारं. दुप्पट घेताय, तेही उपाशीपोटी. त्यात या गुडघ्याच्या गोळ्यांनी किडनी दमलीय, म्हणून औषध अंगात साठून राहतंय."

अण्णा एव्हाना सावध झाले होते. पुटपुटले, "तिघंबी चांगले हायेत वो बाई. कुनाला दुखवायचं?"

"आणखी उशीर झाला असता," बाई शांतपणे म्हणाल्या, "तर तुम्ही डोळे उघडलेच नसते."

वैनींनी पदर तोंडाला लावला. मी जवळजवळ ओरडलोच, "अण्णा, तुम्ही गेला असतात तर मी जळलो असतो कोणावर?"