बाबलीचा डग्गा हरवला

धारगळच्या बाबलीला आसपास कुठलंही भजन असो, साउंडला बोलावतात. माणूस कटकट्या. माईक जरा हलला तर बुवांनाही दटावणारा. पण त्याच्या कानाला तोड नाही, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करतील. आधी अकरा वर्षं त्याने पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवला. त्या खडखडाटातूनही आपले कान वाचले, याचा त्याला कोण अभिमान!

तर झालं काय, त्याच्या हेडफोनच्या गाद्यांचं काळं रेक्झिन सुटायला लागलं. हेडफोन काढला की कानांना काळ्या खपल्या. "ह्या सोंगान देवळात जाव नकात," म्हणत सुमंगलाने, त्याच्या बायकोने, जुन्या सुती लुगड्याच्या गाद्या शिवून दिल्या. दिसायला झक्क! पण बाबलीने हेडफोन घातला आणि तबल्यातला डग्गा गायब. नुसती टिकटिक. मग त्याने हायवेवरच्या दुकानातून जाळीदार गाद्या आणल्या. घाम येत नाही म्हणे. डग्गा तिथेही नाही.

शहाण्या माणसाने गाद्यांवर संशय घेतला असता. ह्या महाशयांनी कानांवर घेतला. खाणीने शेवटी कान खाल्लेच, असं त्याच्या मनाने घेतलं, आणि तो मनापासून घाबरला. कान गेले तर बाबलीला विचारणार कोण? त्याने फक्त सुमंगलाला सांगितलं. ती बिचारी शिरगावच्या देवीला नारळ बोलली आणि त्याच्याशी ओरडून बोलू लागली. पाण्याचा पंप बंद करायला हाका मारूनही तो उठला नाही, की तिचे डोळे भरून येत आणि ती स्वतःच जाऊन बंद करी. शेजाऱ्यांना वाटलं, दोघांचं बिनसलंय.

पंधरा दिवसांनी देवळात बाबुराव बुवांचं भजन होतं. बाबली अंदाजाने डग्गा वाढवत गेला, तर पुढच्या रांगेतली म्हातारी दचकून उठली. आता अब्रू जाणार! त्याने घायकुतीला येऊन हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर गच्च दाबला, डोळे मिटले, आणि धुम्म! डग्गा! हात सोडले, गेला. दाबले, आला. मेल्या गाद्या कानाला चिकटून बसतच नव्हत्या, जाड आवाज सगळा बाहेर पळत होता! बाबलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

बुवा ऐन रंगात आले होते. समोर पाहतात तो काय, साउंडवाला कान गच्च दाबून रडतोय. त्यांनी गाणंच थांबवलं.

"माझा गाणा आयकाक नको, तर सरळ सांग मरे!"

"आयकाक येता, बुवा! डग्गो आयकाक येता!" बाबली किंचाळला आणि तडक बायकांच्या बाजूला धावला. "सुमंगला, कान शाबूत आसत गो माझे!"

सुमंगलाने पदर डोळ्यांना लावला. देवीला हात जोडले. मग एकदम तिच्या कपाळाला आठी पडली.

"म्हंजे पंधरा दिवस मी पंप बंद करूक हाको मारी होतंय, त्यो तुमका आयकाक येय होत्यो?"