अक्काताईंचा फोटो

राजारामपुरीतल्या एका लहानशा प्रकाशन संस्थेत स्नेहल मगदूम इंटर्न म्हणून लागली, तेव्हा संस्थेचे मालक अनेकांत सरांनी पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला: पुस्तकाची पोस्ट चेहऱ्याशिवाय टाकायची नाही. मुखपृष्ठ कितीही देखणं असो, लोक बोट सरकवून पुढं जातात. चेहरा दिसला की थांबतात. पोरीचा हात चांगला होता. दोन ओळी, मागं कळंब्याच्या तळ्यावरचं धुकं, कोपऱ्यात लेखक, पंधरा मिनिटांत काम फत्ते. कामात वाघ, सरांपुढं मात्र शेळी.

मग अक्काताईंचं पुस्तक आलं. कुरुंदवाडच्या या बाईंनी आपल्या मुलाला सांगितलेल्या गोष्टी एका वहीत उतरवल्या होत्या. त्या ऐन तिशीत वारल्या, त्याला सत्तर वर्षं झाली. वही त्या मुलानं, श्रीपाल अण्णांनी, जपली आणि आता ऐंशीला टेकल्यावर छापायला दिली. फोटो काही नव्हता. ‘पावण्यांकडं हाय का बघतो,’ म्हणाले होते, त्यालाही पंधरवडा झाला.

अशा वेळी डिझाइनवाले जागा भरायला डमी फोटो टाकतात आणि खरा आला की बदलतात. स्नेहलनं नेटवर जुन्या काळातल्या बायका शोधल्या, तर सगळ्या दागिन्यांनी मढलेल्या सरदारणी. शेवटी तिनं स्वतःचाच, मावसबहिणीच्या लग्नातला, डोक्यावर पदर घेतलेला फोटो घेतला. अ‍ॅपमधून वय दहा वर्षांनी वाढवलं, रंग काढले, कडेला कसर लागल्यासारखे डाग पाडले. स्क्रीनवरची बाई तिच्याकडं अशी बघू लागली, की तिनं घाईनं फाइल सरांना तपासायला पाठवली आणि ती चहाला गेली. डमी आहे, एवढं लिहायचं राहून गेलं.

परत येईतो सरांनी पोस्ट टाकलीही होती. “झकास फोटो गावला की,” ते म्हणाले. तिला नोकरीत कायम करायचं का, हे ते त्याच आठवड्यात ठरवणार होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत ती गप्प बसली. तिची चूक झाली ती इथं.

तिसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. सरांनी तो तिच्याच हातात दिला.

“कुठं गावली ओ माझी आई?” म्हातारा रडत होता. “मी नऊ वर्सांचा हुतो ती गेली तवा. तोंड लई धूसर झालतं. आता पक्कं बसलं.”

ती नुसती ‘हो, हो’ करत राहिली.

रविवारी कुरुंदवाडला अण्णांच्या घरीच प्रकाशन होतं. एसटीत बसून तिनं खरं सांगायची वाक्यं दहादा घोकली. घराच्या पुढच्या सोप्यात पाऊल टाकलं आणि ती सगळी विसरली. समोरच्या भिंतीवर दोन हात उंच तोच फोटो होता, त्याला चंदनाचा हार होता, खाली समई तेवत होती. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे शेंबडं पोरही जाणतं.

अक्काताईंना पाहिलेलं आता अण्णांखेरीज एकच माणूस उरलं होतं, शेजारच्या विठाबाई. नव्वदीच्या पुढं गेलेल्या. त्यांना धरून फोटोपुढं आणलं. “व्हय, हीच,” त्या म्हणाल्या. मग वळल्या, स्नेहलपाशी येऊन थांबल्या आणि त्यांनी तिची हनुवटी धरली.

“अक्का, जेवलीस का गं?”

कुणीच हसलं नाही. स्नेहलला तिथं क्षणभरही उभं राहवेना. तिनं अण्णांना परसात नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. फोटो माझा आहे, अण्णा. मी चुकले. हार काढा.

तिला वाटलं, म्हातारा आता कानाखाली देईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते पाण्याच्या दगडी डोणीच्या कडेवर बसले.

“तिचा एक डोळा बारीक हुता,” ते सावकाश म्हणाले. “हसली की मिटायचा. कंचा, ते बघतो थांब.”

त्यांनी डोळे मिटले. आतून दोनदा हाक आली, पुस्तकं बांधून ठेवलीत, चला म्हणून. ते हलले नाहीत. मिटल्या पापण्यांआड बुबुळं इकडून तिकडं फिरत होती. स्नेहल हात जोडून उभी होती, आणि एवढा एक चेहरा त्यांना सापडू दे, म्हणून मनातल्या मनात गयावया करत होती.

बऱ्याच वेळानं अण्णांनी डोळे उघडले आणि तिच्याकडं पाहिलं.

“न्हाय येत,” ते म्हणाले. “तूच येतीस.”