सहा वर्षं चालू असलेलं मशीन

मोरिवाकी तोशियाला ओसाकाच्या निप्पोनबाशीत लोक येडा म्हणतात. म्हणू देत. त्या जुन्या गेममशीनच्या मागच्या खाचेत बसणारी साठवणीची डबी आख्ख्या शहरात तोच एकटा बनवतो. सर्किटची प्लेट स्वतः कापतो, चिप स्वतः बसवतो, कवच घासून घासून असं लावतो की कारखान्यातूनच तसं आलंय वाटावं. आत मेमरी कार्ड टाकलं की मशीनमधल्या गेमची सगळी नोंद त्यात उतरते. पंचवीस वर्षं हेच. दुसरं काही येत नाही, आणि शिकायचं वय गेलं.

त्या मंगळवारी तो डबी घेऊन जवळच्या किशिवादा गावी ओगिनोआजींच्या घरी गेला. मशीन दुकानात आणणं शक्यच नव्हतं. नोंद जपणारा आतला सेल मेलेला, आणि नवरा गेल्यापासून आजींनी मशीन बंदच केलं नव्हतं. बंद केलं की नवऱ्याची गेममधली मासेमारीची होडी पुसली जाणार. म्हणून आजी सहा वर्षं घराला बांधलेल्या. कोबे शहरात राहणारी लेक बोलावून बोलावून थकली.

"चहा गारच घ्या," आजी म्हणाल्या. "विजेची किटली लावत नाही मी. फ्यूज उडाला तर?"

"गॅस नाही?"

"आहे की. पण तुमच्यावरची नजर हटवायची नाही मला."

त्यानं चालू मशीन उघडलं. डबी लावायला मशीन बंद करावं लागतं, म्हणून आधी नवा सेल चालू मशीनमध्येच जोडायचा. टाके मारायची सोल्डरगन तापवायची, तिचा प्लग काढायचा आणि गार व्हायच्या आत टाका द्यायचा. प्लग तसाच राहिला तर गनच्या टोकातनं झिरपलेली वीज नोंद जाळते. गन तापली. त्यानं हात मागे नेला आणि एक्स्टेंशन बोर्डावरचा काळा प्लग धरला.

"अहो, तो नाही!" आजींनी त्याच्या मनगटावर फाडकन हातपंखा मारला.

हातात मशीनचा प्लग होता. शेजारी गनचा, तोही काळाच.

"पंचवीस वर्षं काय करताय तुम्ही?"

"हेच."

"मग दिसत नाही?"

त्यानं बरोबर प्लग काढला, श्वास रोखला, दोन टाके दिले.

"आजी, डबी लावायला आता बंद करावं लागेल."

"मला नका सांगू. करा."

त्यानं बटन दाबलं. मशीनची घरघर थांबली तसं घर एकदम सुनं पडलं. आजींनी तोंडावर पदर धरावा तसा रुमाल धरला. त्यानं डबी खाचेत सरकवली, मशीन चालू केलं. बंदर आलं. होडी आली. त्यानं नोंद कार्डात उतरवली, मशीन पुन्हा बंद-चालू करून कार्डातनं उघडून पाहिली. होडी तिथंच.

"झालं. आता कुठंही न्या. बंद करतो, तुम्ही कोबेला जा."

बटनाकडे गेलेला त्याचा हात आजींनी पकडला.

"उतरलंय ना कार्डात?"

"उतरलंय."

"मला पटलंय हो."

"मग सोडा की."

"सोडते. पाच मिनिटं."

हात सुटेना. त्याला झटकता आला असता. झटकला नाही. पायाला मुंग्या आल्या, दुकान उघडायची वेळ टळली, तरी तो पठ्ठ्या तिथंच बसून राहिला.