पाइप आमचा, आवाजही आमचाच

चार माणसं जमली आणि मधे एक इंजिन असलं, की किस्से आपोआप साठतात. आमच्या ग्रुपात तर उडालेल्या विमानांपेक्षा किस्सेच जास्त झालेत!

आम्ही मॉडेल विमानं उडवतो. इंजिनवाली. लोक म्हणतात, "बॅटरीचं घ्या ना! आवाज नाय, धूर नाय, इंधनातल्या एरंडेलाचा वास नाय." मग राहिलं काय, डोंबल? खरी मजा पाइपात आहे. इंजिनाचा धूर जिथून बाहेर पडतो तिथं एक लांब, मधे फुगीर नळी लावायची आणि केसाकेसानं कापत जायची. लांबी बरोबर जमली, की इंजिन एकदम किंचाळतं आणि विमान हातातून सुटू बघतं. ते किंचाळणं ऐकायला मी ताटावरून उठून जाईन.

उडवायला शेंद्र्याजवळ सोपानरावांचं पडीक रान आहे. परवा तेच हातचं जायची पाळी आली होती. सांगते, पण आधी बाकीचं ऐका.

*

मी दातांची डॉक्टर. दवाखाना पुंडलिकनगरात. एका दुपारी पेशंट नव्हता म्हणून दाढ कोरायच्या मशीनलाच चकती लावून पाइप कापत बसले. बाहेर एक काका येऊन बसलेत, हे मला काय माहीत! आतून कर्रर्र आवाज, आणि मी फोनवर ओरडतेय, "अजून थोडं कापते! नाय जमलं तर सरळ हातोडीनं ठोकू!"

बाहेर आले तर काका गायब. चपला तिथंच!

*

फोनवर होते काझीभाई. शेंद्र्याला त्यांचं वेल्डिंगचं दुकान. आमचे पाइप तेच बनवतात, पण पट्टी लावून मोजायचं म्हटलं की त्यांना लई अपमान वाटतो. एकदा अंदाजानं सपकन कापला आणि पाइप भलताच आखूड झाला. इंजिन उचक्या द्यायला लागलं. कापलेला पाइप काय परत वाढतो? मी तोंड उघडायच्या आत म्हणाले,

"पाइप एकदम बराबर है मॅडम. इंजिन कू बोलो, अ‍ॅडजस्ट करे!"

*

गच्चीवर इंजिन चालवून बघत होते, तर सोसायटीचे सेक्रेटरी धापा टाकत वर आले. "डॉक्टर, हा काय तमाशा लावलाय?"

"तुमच्या पोराच्या वरातीत डीजे माझ्या खिडकीखाली अडकला होता, तेव्हा मी काय केलं?"

"काय केलं?"

"खाली येऊन अक्षता टाकल्या. तुम्हीही टाका."

*

पुण्याला स्पर्धा होती. एक गॉगलवाले गृहस्थ आले. "वहिनी, कोणाचं विमान सांभाळताय?"

"माझंच. नवरा तिकडं डबे सांभाळतोय."

मग त्यांची नजर पाइपावर गेली. "अरे वा! इम्पोर्टेड?"

"व्हय. शेंद्र्याहून मागवलाय!"

*

आता रानाचं. सोपानराव एका रविवारी तावातावानं आले. म्हणाले, "मॅडम, आमच्या आबांची दुपारची झोप मोडती. आवाज बंद करा, नायतर रान सोडा."

आबा म्हणजे त्यांचे वडील. डोळे पार गेलेले. लिंबाखाली बाजेवर पडून असतात. म्हाताऱ्या माणसाचं नाव घेतल्यावर भांडणार कसं? आणि रान गेलं तर आमचं उडवणंच संपलं. एवढी मोकळी जागा आता देतंय कोण? जीव नुसता जळत होता.

पुढच्या रविवारी काझीभाईंनी पाइपाच्या तोंडावर एक डबा बसवला आणि आत भांडी घासायच्या तारेच्या काथ्याचा बोळा कोंबला. मी विमान वर नेलं. किंचाळणं गेलं, नुसतं गुरगुरणं राहिलं. माझा चेहरा उतरला. सोपानराव मात्र खूश!

तेवढ्यात लिंबाखालून हाक आली, "सोपान! पडलं का रे इमान?"

"नाय आबा, वर हाय. तुमच्यासाठीच आवाज कमी केलाय. झोप मोडती ना तुमची?"

आबा उठून बसले. "कोण झोपतंय ऐतवारी? मला काय डोळ्यानं दिसतंय व्हय ते? कुठं गेलं, कुठून वळलं, आवाजावरच बघतो ना मी!"

सोपानराव टोपी काढून डोकं खाजवायला लागले.

"सातबाऱ्यावर नाव कुणाचं हाय रे?"

"तुमचंच, आबा."

"मग काढ तो बोळा!"