वऱ्हाडातलं वॉरंट

हसायचं तेवढं हसून घ्या, पण पोटगीपायी मी काय गोंधळ घातला ते ऐकाच!

कोर्टानं माझ्या पोरीची पोटगी ठरवून दिली होती. पण नवरा कसला देतोय? वर्ष झालं, एक रुपया नाही. वॉरंट घेऊन हवालदार गेले की गडी गायब! मीही हट्टाला पेटले. पोरीच्या शाळेचा प्रश्न होता, सोडते की काय!

अशात कळलं, त्याच्या चुलतभावाचं लग्न ईट गावाला आहे. म्हटलं, भावकीच्या लग्नाला तरी येईलच की! परंड्याहून पहिली एसटी धरली, साध्या कपड्यातल्या हवालदारांना सोबत घेतलं आणि थेट मंडपात.

बघते तर काय, सगळ्या बाप्यांना एकसारखे गुलाबी फेटे! पण मी काय कच्ची आहे? सहा वर्षं संसार केलाय. पाठमोरं सुटलेलं अंग, कान खाजवायची सवय...

"हाच तो! धरा!"

"नक्की ना ताई?"

"अहो, माझा नवरा मला ओळखू येणार नाही का?"

हवालदारांनी दंड धरला. तेवढ्यात माईकवरून भटजींचा पुकारा, "मामांनी नवरीला घेऊन यावं!" आणि धरलेला माणूस ओरडतोय, "आवं सोडा, मामा म्याच हाय!"

मुहूर्त टळायची वेळ! नवरीकडचे धावून आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. हात जोडून माफी मागितली. मामा मात्र भला माणूस. अक्षता पडल्यावर स्वतः येऊन म्हणाला, "जाऊ द्या ताई. पण जेवल्याबिगर जायचं न्हाय."

पदर पुढं ओढून पंगतीला बसले. मान वर करायची सोय होती का? पत्रावळीवर बुंदी पडायला लागली.

"बास हो भाऊ, थोडीच वाढा."

भाऊंच्या हातातला झारा खाली पडला. वर बघते तर हाच! इतका वेळ मागं आचाऱ्यापाशी होता. घरी ज्यानं कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही, तो वाढायला असेल असं कुणाला वाटेल हो?

मनगट धरलं ते सोडलंच नाही. हवालदार उष्ट्या हातानं धावले. पाहुण्यांपुढं शोभा नको म्हणून सासऱ्यांनी तिथंच थकलेली सगळी पोटगी चुकती केली.

घरी येऊन मोठ्या तोऱ्यात पोरीला सगळं सांगितलं. सात वर्षांची पोर शांतपणे ऐकून म्हणाली, "मम्मी, पुढच्या येळी मला संगं ने. मला पप्पा ओळखू येतात."