आता गाठ कुठं पडायची, शांतवन?

शांतवन गेला, आणि आता आमची गाठ कुठं पडायची हे मला कुणीच सांगू शकत नाही.

दुःख आहेच. पण खरा प्रॉब्लेम हा आहे.

त्याच्या धर्मात जन्म एकच. मेलं की शेवटच्या दिवसापर्यंत जमिनीत वाट बघायची, मग सगळ्यांनी एकदम उठायचं.
आमच्यात वाट बघणं नाहीच. हा जन्म संपला की पुढचा. चौऱ्यांशी लक्ष योनी.

म्हणजे तो उठेल तेव्हा मी कुठं असेन? कोण असेन?

हा वाद आजचा नाही. बहात्तरच्या दुष्काळातला आहे.

मी तेव्हा सातवीतून शाळा सोडून, देवळाली प्रवऱ्याचं घर सोडून हिंडत होतो. घरी शेती होती, पण माझा पाय एका जागी ठरायचा नाही. घोडेगावच्या बाजारात मेहबूबचाचा भेटले. बैलांचे व्यापारी. घेतलेली जनावरं पायी हाकत न्यायला त्यांना पोरं लागायची. एक मी. दुसरा शांतवन. नेवाशाकडचा, ख्रिस्ती, माझ्याच वयाचा.

चाचा नमाजाला थांबले की बैल आम्ही सांभाळायचे.
शांतवन भाकरीपुढं डोळे मिटून बसला की त्याच्या वाटणीचा ठेचा मी सांभाळायचा. म्हणजे खायचा.
आणि मी तर रस्त्यातल्या शेंदूर लावलेल्या प्रत्येक दगडाला हात जोडायला थांबणार. चाचा वैतागायचे. "आरं, तुझं देव मोजत बसलो तर राहुरी दिवाळीला यील!"

एका एकादशीला मी रताळी-शेंगदाणे चापत होतो. चाचांचे रोजे चालू, तोंडात पाण्याचा थेंब नाही. बघत राहिले.

"ह्येला काय म्हनायचं?"
"उपास."
"आमच्यात ह्येला जेवान म्हनत्यात."

शांतवन एवढ्या जोरात हसला की पुढचा बैल बुजला. एका शिंगाचा होता तो. लई गुणी जनावर, नुसतं नाव घेतलं तरी मान वळवायचं...

असो. भरकटलो.

बाजारात शपथेशिवाय जनावर खपत नाही. कुणी खंडोबाच्या भंडाऱ्याची घेतो, कुणी कुराणाची, कुणी पोराच्या डोक्यावर हात ठेवतो. शांतवन कशाचीच घ्यायचा नाही. त्याच्या धर्मात म्हणे शपथ वाहायची नसते. व्हय तर व्हय म्हणायचं, न्हाई तर न्हाई.

गिऱ्हाईक विचारायचं, "बैल मारका हाय का?"
शांतवन म्हणायचा, "व्हय."
चाचा कपाळाला हात लावायचे. "बाबा, शप्पथ घेत न्हाईस तर गप तरी बस!"

मेल्यावर भेटायचा विषय असाच चालता चालता निघाला.

चाचा म्हणाले, "कयामत आमच्यातबी हाय. आमची दोघांची डायरेक्ट गाडी. तू बस दर स्टँडला येष्टी बदलत."
मी म्हणालो, "मला चालतंय. हिंडायला तर मिळतंय!"

खरंच तसं वाटायचं तेव्हा.

नेवासा फाट्यावर एक चहावाले होते, बौद्ध झालेले. त्यांना विचारलं, तुमच्यात काय?
"आमच्यात आत्माच न्हाई. मग भेटनार कोन? भेटायचं ते आत्ता भेटा. आन च्या प्या, गार हुतोय."

पुढं चाचांनी धंदा बंद केला. शांतवनला मुंबईत छापखान्यात काम लागलं.

फाट्यावर सोडायला गेलो. म्हणालो, "शप्पथ घे, परत येशील."
"आमच्यात न्हाई घेत, येड्या."
"मग व्हय का न्हाई, ते तरी सांग."

पिशवी उचलून तो आत चढला. एसटी सुटली तेव्हा खिडकीतून ओरडला, "व्हय!"

त्या एका शब्दावर मी पन्नासेक वर्षं काढली.

कुठंही हिंडत असलो तरी फिरून घोडेगावच्या बाजाराला यायचो. बैल बघायच्या नावाखाली माणसं बघायचो. त्याच्या गावात विचारलं, तर घरचेही त्याच्यामागं मुंबईला गेलेले. मुंबईलाही जाऊन आलो. पण एवढ्या मुंबईत छापखाना म्हणून विचारायचं तरी कुणाला?

मागच्या वर्षी त्याच्या नातीनं मला फेसबुकवर शोधून काढलं. व्हिडिओ कॉल लावून दिला. दोन बोळकी एकमेकांकडं नुसती बघत बसली.

मग हाच म्हणाला, "शेवटच्या दिवशी तू कुठं सापडनार रं?"
"काय म्हाईत. बैल झालो असंन."
"मग सोपं हाय. घोडेगावात बघतो."

हसलो दोघं. मग मी विचारलं, "पण त्याच्या आधी येतोस का न्हाई?"
"व्हय म्हनलंय ना!"

काल आला.
ॲम्ब्युलन्समधून.

मला आपल्या गावातच ठेवा, असं त्यानं घरी सांगून ठेवलं होतं.

मी मातीला गेलो. आमच्याकडं जाळतात तरी मातीलाच जातो म्हणतात, त्यांच्याकडं पुरतात तरी मातीलाच. चाचांच्या मातीलाही मी गेलो होतो. एवढा एक शब्द तिघांचा सारखा निघाला.

पाळकसाहेबांची प्रार्थना झाल्यावर सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. माझी मूठ काही उघडेना. नातीनं हात धरून उघडली.

घरी आल्यावर पोराला सांगितलं, "मला जाळू नका. पुरा."

"नाना, कायतरीच काय! भावकी काय म्हणंल?"
"भावकीला तेराव्याचं जेवण मिळाल्याशी मतलब. आन गोसाव्यांना पुरतातच की आपल्यात."
"आपण गोसावी हाय का?"
"हिंडलोय तर गोसाव्यासारखाच."

पोरगं उठून बाहेर गेलं. मान्य झालंय की नाही, अजून कळलेलं नाही.

पण मला आता पुढची गाडी धरायची नाही. पुढचा जन्म राहू दे. जन्मभर एका जागी थांबलो नाही, आता थांबावंसं वाटतंय.

शांतवन, निवांत नीज.
उठलास की हाक मार. माझी झोप लई गाढ असती, तुला म्हाईतच हाय.